वादळाच्या तयारीत रायफल: घ्यायची तर कोणती?

वाचकाचं पत्र:
"आम्ही ह्यूस्टनजवळ केटीला राहतो. गेल्या वर्षी आम्हा चौघांनाही ग्रीन कार्ड मिळालं. बेरिल वादळात आमच्याकडे सहा दिवस वीज नव्हती आणि तिसऱ्या रात्री गल्लीतल्या दोन घरांचे जनरेटर चोरीला गेले. शेजारचे गृहस्थ म्हणतात, एआर-१५ घेऊन टाक. दुकानात गेलो तर भिंतभर रायफली, सगळ्या सारख्याच दिसणाऱ्या, किंमत मात्र ५०० पासून ३,००० डॉलरपर्यंत. माझं बजेट १,५०० डॉलर. मला चष्मा आहे, बंदूक आजवर हातात धरलेली नाही. मुलगी १३ वर्षांची, मुलगा ९ चा. बायकोचा विरोध आहे. दिवाळीनंतर आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतायत. कोणती घेऊ?"

उत्तर:
कोणती ते सांगतोच, पण आधी तुमच्या पत्रातली चोरी पाहू. ८ जुलै २०२४ ला बेरिल आलं तेव्हा ह्यूस्टन परिसरात २२ लाखांहून जास्त वीजग्राहक अंधारात गेले. अशा दिवसांत जनरेटर चोरीला जातात, कारण ते अंगणात उघडे असतात आणि कुठे आहेत ते त्यांचा आवाजच सांगतो. त्यावरचा इलाज म्हणजे कडक पोलादाची जाड साखळी, चांगलं कुलूप आणि जमिनीत किंवा काँक्रीटमध्ये घट्ट बसवलेली कडी. शंभर डॉलरच्या आसपास काम होतं. रात्री दोन वाजता रायफल घेऊन अंगणात उतरणं हा त्यावरचा इलाज नाही. मालमत्तेच्या रक्षणाबाबत टेक्सासचा कायदा इतर राज्यांपेक्षा सैल आहे, हे शेजारी सांगतील. त्या कायद्याच्या अटी गोळी सुटल्यानंतर कोर्टात तपासल्या जातात, हे सांगायला ते विसरतील.

याच ओघात एक गोष्ट. जनरेटर घरापासून किमान २० फूट लांब, धूर खिडकीकडे येणार नाही अशा दिशेला ठेवा, आणि घरात बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. फेब्रुवारी २०२१ च्या गोठवणाऱ्या थंडीत टेक्सासमध्ये या वायूने माणसं घरातल्या घरात गेली. हे आणि माणशी रोज एक गॅलन पाणी, एवढं झालेलं नसेल तर दुकानाची फेरी पुढे ढकला.

आता कायदा, कारण आपल्या लोकांचा पाय इथेच घसरतो. ग्रीन कार्डधारकाला रायफल घेता येते. एच-१बी, एल-१, एफ-१ किंवा व्हिजिटर व्हिसावर असलेल्याला केंद्रीय कायद्याने बंदूकही बाळगता येत नाही आणि काडतूसही. एखाद्या राज्याचा चालू शिकार-परवाना असण्यासारखे मोजके अपवाद आहेत. "बाळगणं" याचा अर्थ विकत घेणं एवढाच नाही. ऑफिसातला एच-१बीवाला मित्र हौसेने रेंजवर आला आणि तुमची रायफल त्याने हातात घेतली, तरी प्रश्न उभा राहतो. तुमचे आई-बाबा बी-२ या व्हिजिटर व्हिसावर येणार. ते सहा महिने तिजोरीचा कोड त्यांना माहीत नसावा, किल्ली हाताशी लागू नये आणि "आम्ही बाहेर जातोय, लक्ष ठेवा" या वाक्यात रायफल येऊ नये. मित्राच्या वतीने स्वतःच्या नावावर खरेदी करणं हा तर सरळ केंद्रीय गुन्हा. शस्त्राच्या गुन्ह्यात दोषी ठरलात तर ग्रीन कार्डही जाऊ शकतं, म्हणून नागरिकत्व मिळेपर्यंत तरी दुप्पट सावध राहा.

टेक्सासमध्ये दोन खासगी माणसांत विक्री झाली तर पार्श्वभूमी-तपासणी सक्तीची नाही. तरी तुम्ही परवानाधारक दुकानातूनच घ्या, म्हणजे कागद स्वच्छ राहतो. तिथे ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरायचा असतो. ड्रायव्हिंग लायसन्सवरचा पत्ता सध्याचा हवा. जुना असेल तर सध्याचा पत्ता असलेला सरकारी कागद, उदाहरणार्थ गाडीचं रजिस्ट्रेशन, सोबत न्या. ग्रीन कार्डवरचा यूएससीआयएस (इमिग्रेशन खात्याचा) नंबर लागतो. गांजाचा प्रश्न फॉर्मवर आहे. राज्याने काहीही म्हटलं तरी केंद्राच्या लेखी तो बेकायदाच आहे, तेव्हा खोटं उत्तर लिहू नका. दुकानदार फोनवर करतो त्या पार्श्वभूमी-तपासणीत "थांबा" असं उत्तर आलं तर घाबरू नका, नावात साम्य असलं तरी तसं होतं. दरवेळी तेच होऊ लागलं तर एफबीआयकडे अर्ज करून यूपीआयएन नावाचा स्वतंत्र क्रमांक मिळवता येतो.

(न्यू जर्सीतल्या एडिसन किंवा कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमधल्या वाचकांनी इथेच थांबावं. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया, इलिनॉय, वॉशिंग्टन या राज्यांत खाली वर्णन केलेली रायफल याच रूपात विकत घेता येत नाही. न्यू जर्सीत १० पेक्षा जास्त काडतुसांचं मॅगझिनही चालत नाही.)

दुकानातल्या त्या भिंतीकडे येऊ. "मिलिटरी स्टाईल" म्हणजे दिसायला लष्करी. लष्कराची एम-४ एका दाबात अनेक गोळ्या सोडू शकते. दुकानातली एआर-१५ ट्रिगरच्या एका दाबाला एकच गोळी सोडते आणि पुढचं काडतूस आपोआप चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत) घेते. यूजीन स्टोनर यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात आर्मालाइट कंपनीत हिची रचना केली. नावातलं "एआर" ते आर्मालाइटचं. साठेक वर्षांत हिचे सुटे भाग इतके प्रमाणित झालेत की एका कंपनीचा बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा, मागे-पुढे सरकणारा भाग) सहसा दुसरीच्या रायफलीत बसतो. आणीबाणीसाठी हिची शिफारस करण्याचं खरं कारण हेच: भाग, मॅगझिन, काडतुसं आणि शिकवणारा माणूस कुठेही मिळतो. एके किंवा मिनी-१४ या दुसऱ्या रायफली वाईट नाहीत, पण त्यांच्या वाटेला गेलात तर मॅगझिन आणि भागांसाठी जास्त हिंडावं लागेल.

तुम्ही शोधायची ती अशी: ५.५६ चेंबर, १६ इंच नळी, मिड-लेंथ गॅस, १:८ किंवा १:७ ट्विस्ट, नळी आतून क्रोम केलेली किंवा नायट्राइड केलेली (गंज आणि झीज कमी व्हावी म्हणून). यातलं एकेक घेऊ.

नळीवर "५.५६ नाटो" कोरलेलं असेल तर तिच्यात ५.५६ आणि .२२३ रेमिंग्टन ही दोन्ही काडतुसं चालतात. नुसतं ".२२३" असेल तर ५.५६ घालू नका, दाब वाढतो. ".२२३ वाइल्ड" लिहिलेलं असेल तर दोन्ही चालतं. .३०० ब्लॅकआउट या दुसऱ्या कॅलिबरच्या रायफलीचा मोह मात्र टाळा. तिचं काडतूस त्याच मॅगझिनमध्ये बसतं, कधीकधी ५.५६ च्या चेंबरमध्येही शिरतं, आणि मग रायफल हातात फुटते. घरात हे दोन कॅलिबर एकत्र नकोतच.

१६ इंच कशासाठी? त्याहून आखूड नळीची, खांद्याला लावायची रायफल १९३४ च्या राष्ट्रीय अग्निशस्त्र कायद्याखाली येते आणि आधी केंद्राकडे नोंदणी लागते. आखूड नळीच्या "पिस्तूल" प्रकारांवर गेल्या काही वर्षांत नियम इतके फिरले की नवख्याने त्या भानगडीत पडूच नये. शिवाय आखूड नळी जास्त दणका देते.

गॅसचं गणित दुकानदार क्वचितच समजावतो. गोळी नळीतून जाताना मागचा थोडा वायू एका भोकातून वर काढून बोल्ट मागे ढकलायला वापरतात. भोक चेंबरच्या जवळ असेल (कार्बाइन-लेंथ, सुमारे ७ इंच) तर वायू जास्त दाबाने येतो, बोल्ट आदळतो, भाग लवकर झिजतात. १६ इंची नळीला ९ इंचांची मिड-लेंथ चांगली शोभते. धक्का कमी बसतो आणि दुसरी गोळी नेमावर ठेवणं सोपं जातं. ट्विस्ट म्हणजे किती इंचांत गोळी एक पूर्ण वेटोळा घेते. १:८ मध्ये ५५ पासून ७७ ग्रेनपर्यंतच्या (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) गोळ्या स्थिर राहतात. १:९ ला जड गोळ्या नीट झेपत नाहीत.

आता दुकानात रायफल हातात घेऊन करायची पाहणी. ती रिकामी असल्याची खात्री दुकानदार करेल, तुम्हीही करा. मागचे-पुढचे दोन पिन काढून बोल्ट-कॅरिअर (बोल्ट ज्यात बसतो तो भाग) बाहेर काढायला सांगा. त्याच्या माथ्यावर गॅस-की नावाची नळकांडी दोन स्क्रूंनी बसवलेली असते. त्या स्क्रूंच्या कडेला धातू ठोकून दाबलेला दिसला पाहिजे. तो नसेल तर स्क्रू सैल होतात, वायू गळतो आणि बोल्ट पुरता मागे जात नाही. रिकामं काडतूस अडकतं आणि माणूस दोष दारूगोळ्याला देतो. दुसरी जागा म्हणजे दस्त्याच्या (खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागाच्या) नळीवरची कॅसल नट. तिथेही धातू ठोकलेला हवा, नाहीतर दस्ता हळूहळू फिरतो. बोल्टवर एमपी किंवा एमपीआय कोरलेलं असेल तर त्यात तडे नाहीत ना, याची चुंबकीय चाचणी झाली आहे. दस्त्याची नळी "मिल-स्पेक" मापाची आहे ना, हेही विचारा. "कमर्शिअल" माप थोडं जाड असतं आणि त्यावर मिल-स्पेक दस्ता बसत नाही.

स्मिथ अँड वेसनची एम अँड पी-१५ स्पोर्ट आणि रुगरची एआर-५५६ ही साध्या घरगुती रायफलींची नेहमीची नावं. ६०० ते ९०० डॉलरमध्ये अशी रायफल मिळते. गॅसची लांबी त्या-त्या मॉडेलच्या पत्रकावर तपासा. २,००० डॉलरच्या रायफलीत नळी, बोल्ट आणि तपासणी खरोखर चांगली असते, पण तो फरक काही हजार गोळ्यांनंतर दिसतो. तुम्ही तिथे पोहोचाल तेव्हा बघू. सुटे भाग जोडून पहिली रायफल स्वतः बनवू नका. इंजिनिअर मंडळींना ही खुमखुमी असते म्हणून मुद्दाम सांगतोय.

पंधराशे डॉलरचा हिशेब असा: रायफल ६५०, रेड डॉट (लाल ठिपक्याने नेम धरायची साइट) १८०, टॉर्च १२०, पट्टा ४०, पाच मॅगझिन ६०, ४०० काडतुसं साधारण २००, आणि उरलेल्या २५० ची तिजोरी. दिवसभराच्या वर्गाची फी यात बसत नाही, ती पुढच्या पगारातून. रायफल १,२०० ची घेऊन बाकीचं "नंतर बघू" म्हणणारे पुष्कळ. त्यांची रायफल कपाटात उभी राहते, नेम बसवलेला नसतो.

चष्म्याचा विचार रेड डॉट घेताना करा. दृष्टिवैषम्य (अ‍ॅस्टिग्मॅटिझम) असेल तर लाल ठिपका फुटलेल्या डाळिंबासारखा दिसतो. दुकानातच ठिपक्याचा मोबाइलने फोटो काढा. फोटोत गोल आणि डोळ्याला विस्कटलेला, तर दोष डोळ्याचा. मग प्रिझम प्रकारची साइट घ्या, तिच्यात काचेवर कोरलेली खूण असते आणि बॅटरी संपली तरी दिसते. चाळीस-पन्नास डॉलरची साइट दणक्याने नेम सोडते.

नेम ५० यार्डांवर बसवा. मग २०० यार्डांच्या आसपास गोळी पुन्हा त्याच रेषेवर येते, आणि मधल्या अंतरात दोनेक इंचांपलीकडे चुकत नाही. घरातल्या अंतराला मात्र उलटं होतं. साइट नळीच्या अडीच इंच वर असते, म्हणून दहा फुटांवर गोळी ठिपक्याच्या सुमारे अडीच इंच खाली लागते. हे कागदावर स्वतः मारून पाहा.

टॉर्च चैनीची वस्तू नाही. पहाटे तीनला स्वयंपाकघरात जी सावली हलते ती बहुधा पाणी प्यायला उठलेली तुमची मुलगी असते. चेहरा दिसल्याशिवाय ट्रिगरवर बोट नाही. आणि माणूस शोधायला हातातली वेगळी टॉर्च वापरा. रायफलीवरची टॉर्च जिथे वळते तिथे नळीही वळते.

भिंतींबद्दल आपला अंदाज हमखास चुकतो. आपल्या डोक्यात भिंत म्हणजे नऊ इंची वीट. केटीतल्या घराच्या आतली भिंत म्हणजे अर्ध्या इंचाचे दोन जिप्सम बोर्ड आणि मधे लाकडी फळ्या. रायफलीची, पिस्तुलाची, शॉटगनच्या मोठ्या छऱ्यांची, कुठलीही गोळी ती पार करते. ५.५६ च्या हलक्या, पसरणाऱ्या गोळ्या (५५ ते ६४ ग्रेन) भिंतीत लवकर गडगडतात आणि तुटतात, एवढाच त्यांचा फायदा. त्या भिंतीत थांबतात असं समजू नका. म्हणून घराचा नकाशा काढा, मुलांच्या खोल्या कुठल्या रेषेत येतात ते पाहा आणि त्या रेषा कायमच्या वर्ज्य करा. बेत एवढाच ठेवा: मुलांना एका खोलीत घ्यायचं, दार लावायचं, ९११ ला फोन करायचा, रायफल दाराकडे. घरभर शोध घेत फिरायचं नाही. बंद खोलीत ५.५६ चा एक बार कान कायमचा बिघडवू शकतो, म्हणून इलेक्ट्रॉनिक कानटोप्या तिजोरीतच ठेवा.

सरावाला साधी ५५ ग्रेनची एफएमजे (गोळीवर धातूचं आवरण असलेली) काडतुसं घ्या. हिरव्या टोकाची एम-८५५ स्वस्त दिसली तरी नको. तिच्यात पोलादी टोक असतं, पुष्कळ इनडोअर रेंजवर ती चालत नाही. आधी २०० ते ३०० सरावाची, मग घरासाठी निवडलेल्या काडतुसांतली किमान पन्नास, त्याच मॅगझिनमधून झाडा. विनाअडथळा गेली, तरच त्या रायफलीवर भरवसा. मॅगझिनवर रंगाने क्रमांक घाला, कारण अडकण्याचं मूळ बहुतेक वेळा मॅगझिनमध्येच असतं. दरवेळी क्रमांक तीनचंच अडकत असेल तर तीन फेकून द्या, दुरुस्त करत बसू नका. ३० च्या मॅगझिनमध्ये २८ भरा. बोल्ट बंद असताना पूर्ण भरलेलं नीट बसत नाही आणि पहिल्या बारानंतर गळून पडतं.

अडकलीच तर: मॅगझिनला खालून थाप, चार्जिंग हँडल (बोल्ट मागे ओढायची मूठ) पूर्ण मागे ओढून सोडा. दोन काडतुसं एकात एक घुसली असतील तर थापेने काही होत नाही. बोल्ट मागे अडकवा, मॅगझिन ओढून काढा, दोनतीनदा हँडल मारा, नवीन मॅगझिन. आणि बार नेहमीसारखा न होता नुसता "फुस्" झाला तर तिथेच थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते, तिच्यामागे दुसरी सोडली तर नळी फुटते.

तेलाबाबत कंजुषी नको. एआर घाण झाली तरी चालते, कोरडी पडली की अडकते. कॅरिअर जिथे घासून चकाकतो त्या चार पट्ट्या, कॅम-पिन, बोल्टच्या रिंगा, या जागा ओलसर हव्यात. रिंगा तीन असतात. झिजल्या का ते बघायला बोल्ट बाहेर ओढून कॅरिअर बोल्टच्या तोंडावर उभा करा. स्वतःच्या वजनाने खाली बसला तर रिंगा बदला. एक्स्ट्रॅक्टरची स्प्रिंग, रिंगांचा संच, फायरिंग पिन, कॅम-पिन, एवढे भाग छोट्या डबीत ठेवले की आणीबाणीची तयारी झाली.

तिजोरी भिंतीच्या लाकडाला किंवा फरशीला बोल्ट केलेली हवी. टेक्सासमध्ये १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी ठेवणं हा गुन्हा आहे, आणि मुलाने ती चालवून कुणी मेलं किंवा गंभीर जखमी झालं तर कलम अधिक कडक होतं. कोड वाढदिवसाचा नको, तेरा वर्षांची मुलगी तो दहा मिनिटांत ओळखेल. आत रायफल अशी: मॅगझिन लावलेलं, चेंबर रिकामं, हॅमर (फायरिंग पिनवर आपटणारा भाग) उतरलेला. अशा वेळी सेफ्टी लागत नाही आणि नवख्याला वाटतं ती बिघडली. तसं नसतं, हॅमर उतरलेला असताना एआरची सेफ्टी लागतच नाही. काडतूस चेंबरमध्ये घालणं-काढणं सारखं करू नका. दरवेळी फायरिंग पिन प्रायमरला (काडतुसाच्या बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीला) हलकासा टोचतो आणि गोळीही काडतुसाच्या कोशात मागे दबू शकते. दोनतीनदा तसं झालेलं काडतूस सरावाच्या डब्यात टाका.

ह्यूस्टनची हवा म्हणजे कोकणातला श्रावण. तिजोरीत गरम होणारी दमटपणा-विरोधी कांडी किंवा सिलिका जेल ठेवा आणि महिन्यातून एकदा नळी पाहा. फोमच्या पेटीत रायफल कधीच साठवू नका, फोम ओल धरतो. हार्वी वादळासारखा पूर येऊ शकणारा भाग असेल तर तिजोरी वरच्या मजल्यावर. रायफल बुडालीच तर उघडून गोड्या पाण्याने धुवा, पाणी हटवणारा फवारा मारा, पुसा, मग तेल. भिजलेली काडतुसं वापरू नका. घर सोडून जायची वेळ आली तर रायफल रिकामी, कुलूपबंद पेटीत, गाडीच्या डिकीत, आणि ज्या राज्यात चाललात तिथला नियम आधी पाहून.

रेंजची बॅग वेगळी ठेवा आणि ती विमानप्रवासाला कधीही वापरू नका. कप्प्यात विसरलेलं एकच जिवंत काडतूस मुंबईच्या विमानतळावर शस्त्र कायद्याचं प्रकरण होतं.

राहिला बायकोचा विरोध. तो "पटवून" मोडू नका. दोघं मिळून एक दिवसाचा सुरुवातीचा वर्ग करा, रेंजवरच्या भाड्याच्या रायफलीने पन्नास-पन्नास गोळ्या मारा. ग्रीन कार्ड दोघांकडे असल्याने त्यात अडचण नाही. त्यानंतरही त्या नको म्हणाल्या तर न घेणं हाही पूर्ण उत्तरच आहे, साखळी आणि अलार्म मात्र आजच आणा. आणि घरात कुणी नैराश्यातून जात असेल, मुलगी धरून, तर रायफल सध्या घरात आणूच नका. ९८८ हा नंबर फ्रिजवर लावा.